कागदी नावेचा राखणदार

सिल्व्हिनो फुर्तादोबद्दल खरं तर व्हीलॉकने लिहायला हवं होतं. त्याला गोष्ट सांगता येत असे. पण व्हीलॉक गेला, कॅप्टन लॅम्सनही गेला आणि १८८९ सालच्या ऑर्डवे कॉलेजच्या नावेतले आम्ही दोघेच उरलो आहोत. दुसऱ्याला आता काही आठवत नाही. तेव्हा मला जमेल तसं लिहितो.

सिल्व्हिनो आमच्या नौकाघराचा राखणदार होता. वय पंचावन्नच्या आसपास. अझोर बेटांपैकी फायाल या बेटावर जन्मला आणि पंधराव्या वर्षी देवमाशांच्या शिकारीच्या अमेरिकन जहाजावर चढला, तो बावीस वर्षं समुद्रावरच राहिला. दोराच्या फासात डाव्या हाताची दोन बोटं गेली. मग गावी परतून उशिरा लग्न केलं, पण बेटावर काम मिळेना म्हणून पुन्हा अमेरिकेला आला. बायको देल्फिना मागे राहिली. मी त्याला ओळखू लागलो तेव्हा तिला मागे राहून अकरा वर्षं झाली होती.

हे तो स्वतःहून कुणाला सांगत नसे. आम्हाला ठाऊक होतं, कारण त्या वसंतात क्रीडामंडळाच्या सेक्रेटरींनी त्याला वचन दिलं होतं. हा हंगाम नीट पार पडला, तर नौकाघराच्या माडीवरच्या दोन खोल्या त्याला बाराही महिने राहायला मिळणार होत्या, शेगडीसकट. तोपर्यंत तो हिवाळ्यात कुठल्या तरी गोदामात झोपत असे. खोल्या मिळाल्या की देल्फिना येणार. एकदा मी त्याला त्या रिकाम्या माडीवर उभं राहून पावलांनी लांबी मोजताना पाहिलं. मला पाहिल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "पलंग इथे बसेल ना, मिस्टर बीब?" मी म्हटलं, बसेल.

नाव कागदाची होती. त्या काळी तशा करत. साच्यावर कागदाचे थर चिकटवून, दाबून, वर रोगण चढवत. साठ फूट लांब, आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला. लाकडी नावेपेक्षा हलकी आणि गुळगुळीत. सिल्व्हिनोचा मात्र तिच्यावर तिळभर विश्वास नव्हता. पहिल्यांदा ती गाडीतून उतरवली तेव्हा त्याने तिच्या अंगावर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला आणि विचारलं, "हिच्यात माणसं बसणार?"

"नाही," व्हीलॉक म्हणाला, "हिच्यात आम्ही पत्रं घालून घरी पाठवणार आहोत."

व्हीलॉक आमचा सुकाणूवाला. वजन जेमतेम शंभर पौंड आणि त्यातली अर्धी जीभ. नावेत बसून बोलण्याचं काम त्याच्या एकट्याचं, आणि किनाऱ्यावर आल्यावरही त्याला थांबायचं भान राहत नसे. सेकंदकाटा असलेलं घड्याळही त्याच्याच गळ्यात असे.

हिवाळाभर आम्ही व्यायामशाळेत खिळवलेल्या बैठकांवर वल्ही मारली, एप्रिलमध्ये पाण्यात उतरलो आणि मेच्या अखेरीस सिल्व्हिनोसह शर्यतीच्या नदीवर मुक्काम हलवला. शर्यत जूनच्या शेवटी, चार मैलांची, टिल्सन कॉलेजशी. त्यांचा मुक्काम पलीकडच्या काठावर होता. सकाळी धुकं विरळ झालं की त्यांचा झेंडा दिसे, आणि झेंड्याखाली कुणीतरी दुर्बीण घेऊन बसलेला. आम्हीही एक माणूस बसवला होता. जेवणाच्या टेबलावर निम्मी चर्चा त्यांनी काय पाहिलं असेल याची, आणि उरलेली आपण काय पाहिलं त्यावर विश्वास ठेवावा का याची.

लॅम्सन आमचा कॅप्टन. उंच, शांत, एका शिपिंग कंपनीच्या मालकाचा मुलगा. त्याने आल्याआल्या नियम घालून दिले. चार मैलांची पूर्ण वेळ लावून वल्हवलं, की तो आकडा फक्त जेवणाच्या टेबलावर, दारं-खिडक्या लावून सांगायचा. घरी पत्रात लिहायचा नाही. एकमेकांतही बाहेर बोलायचा नाही. टिल्सनला आमची वेळ कळली, तर सुरुवातीला किती जोर लावायचा आणि शेवटासाठी किती राखायचा हे त्यांना आयतं कळणार होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पहिली वेळ लावली. बावीस मिनिटांना दोन सेकंद कमी. तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात छापून आलं: 'ऑर्डवेची नाव बावीस मिनिटांच्या किंचित आत.' पुढच्या आठवड्यात एकवीस चाळीस. वर्तमानपत्रात आलं: 'पावणेबावीसच्या आत.'

त्या दिवशी जेवताना कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. लॅम्सनने ते वर्तमानपत्र घडी करून ताटाशेजारी ठेवलं.

"हे टेबलावरून गेलंय," तो म्हणाला. "दुर्बिणीतून चार मैल एकदम दिसत नाहीत."

"माझ्याकडे बघू नका," व्हीलॉक म्हणाला. "मी बोललो असतो तर सेकंदही बरोबर सांगितले असते."

कुणी हसलं नाही. त्यानंतर पत्रं पाकिटात घालण्याआधी लॅम्सनला दाखवायची पद्धत सुरू झाली. पाचव्या जागेवरच्या माणसाने आईला लिहिलेलं पत्र दाखवायला नकार दिला, तर दोन दिवस त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. मी सगळ्यांवर संशय घेतला. रात्री कोण किती वेळ बाहेर उभा राहतो हे मी लक्षात ठेवू लागलो. एकमेकांवर संशय घेण्याचा सगळ्यांनाच कंटाळा आला असावा, कारण सिल्व्हिनोचं नाव निघाल्यावर टेबलावर सगळे जरा सैल होऊन बसले.

त्याच्याविरुद्ध पुष्कळ होतं. दर रविवारी तो होडी घेऊन पलीकडच्या चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला जाई. टिल्सनचा राखणदार बेलार्मिनो त्याच्याच बेटावरचा. चर्चच्या पायऱ्यांवर दोघं तासभर बोलत बसत, तेही आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. एक दिवसाआड संध्याकाळी तो सामान आणायला म्हणून ढकलगाडी घेऊन मैलभर दूरच्या गावात जाई. आणि त्याच्याजवळ एक कागद असे. रोज सकाळी नाव पुसून झाली की तो कागद मांडीवर पसरून त्यावर पेन्सिलीने काहीतरी टिपे आणि कुणी आलं की कोटाच्या खिशात घाली.

त्याच्यावर माझा स्वतःचाही एक राग होता. मी नावेत अगदी पुढच्या टोकाला बसे, पहिल्या जागेवर. तिथे सगळ्यात हलका माणूस बसवतात. सिल्व्हिनो मला 'मिस्टर भालेवाले' म्हणे. का ते मी कधी विचारलं नाही. आठांत सगळ्यात किरकोळ म्हणून म्हातारा माझी टिंगल करतोय, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी तो रोगणाचा डबा आणायला मागे गेला आणि त्याचा कोट खुंटीवर राहिला. मी त्याच्या खिशातून तो कागद काढला. त्यावर नावेचं लांबट चित्र होतं, आठही बैठका आखलेल्या, आणि काही बैठकांखाली ठिपके. पाचव्या जागेखाली दोन. पहिल्या जागेखाली, म्हणजे माझ्याखाली, तीन. पाचव्या जागेवरच्या माणसाला त्या आठवड्यात गळू झालं होतं आणि तो खरोखरच कमी पडत होता. बाकीच्यांखाली जवळजवळ काही नव्हतं.

मला वाटलं, हा आमच्यातली कच्ची माणसं टिल्सनला कळवतोय. माझे तीन ठिपके पाहून कान तापले. मी कागद नेऊन लॅम्सनला दिला.

लॅम्सनने घाई केली नाही. तो म्हणाला, "खात्री करून घेऊ."

पुढच्या वेळी वारा उलटा होता आणि आम्ही वाईट वल्हवलं. बावीस वीस. धक्क्याला लागल्यावर लॅम्सन सिल्व्हिनोला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात व्हीलॉकला म्हणाला, "एकवीस पंधराच्या आत. कुणाजवळ बोलू नकोस." सिल्व्हिनो वल्ही उचलत होता. त्याने मान वर केली नाही.

इथे बिअरबद्दल सांगायला हवं. तयारीच्या दिवसांत आम्हाला पाणी मोजून मिळे. पाण्याने माणूस जड होतो असं तेव्हा सगळे मानत. पण पूर्ण वेळ लावून वल्हवलं की त्या संध्याकाळी बिअर मिळायची, आणि तिचा कॉलेजचा जुना रिवाज होता. साडेबावीस मिनिटांच्या आत आलो तर दोन मोठे जग भरून. त्याहून प्रत्येक पाव मिनिट कमी झालं की एक जग जास्त. टेबलावर आकडा सांगून झाला की लॅम्सन खिडकी जराशी उघडून बाहेर उभ्या असलेल्या सिल्व्हिनोला बोटं दाखवे, आणि सिल्व्हिनो तेवढे जग ढकलगाडीत घालून गावातल्या बर्डिकच्या खाणावळीत जाई.

त्या संध्याकाळी आमच्या वाट्याला दोनच जग येत होते. पण सिल्व्हिनोला खोट्या वेळेचा संशय येऊ नये म्हणून लॅम्सनने सात बोटं दाखवली.

"सात?" व्हीलॉक म्हणाला. "कॅप, तू आधी का नाही संशय घेतलास त्याच्यावर?"

"दोनच प्यायची. बाकीची ओतून टाकायची."

पाच जग बिअर मी आणि पाचव्या जागेवरच्या माणसाने मागच्या दाराने नदीत ओतली. व्हीलॉक पायरीवर डोकं धरून बसला होता.

दोन दिवसांनी छापून आलं: 'ऑर्डवेची कमाल. सव्वाएकवीसच्या आत.' आता शंकेला जागा राहिली नव्हती.

लॅम्सनने त्याला धक्क्यावर बोलावलं. आम्ही मागे उभे होतो.

"सिल्व्हिनो, सामान बांध."

"कुठे जायचंय, मिस्टर लॅम्सन?"

"तुला जायचंय. आमच्या वेळा बाहेर जातात. शेवटची मी फक्त तुझ्या कानावर घातली होती."

"मी कुणाला सांगितली नाही."

"मग हे काय आहे?" लॅम्सनने कागद पुढे धरला.

"नाव."

"आणि हे ठिपके?"

"मऊ आहे तिथे."

"कोण मऊ आहे?"

"नाव, साहेब. कागद आहे ना. पाणी पितो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. लॅम्सनने कागद खिशात घातला. सिल्व्हिनोने तो परत मागितला नाही. त्याने विचारलं, "सेक्रेटरीसाहेबांना लिहिणार?"

"लिहिलंय."

"खोल्यांचं पण?"

"खोल्या राखणदारासाठी आहेत, सिल्व्हिनो. सोमवारी नवा माणूस येतोय."

सिल्व्हिनोने मान हलवली. तासाभरात त्याने एक पेटी आणि एक गाठोडं होडीत टाकलं आणि तो पलीकडे बेलार्मिनोकडे गेला. "पाहिलंत?" लॅम्सन म्हणाला. "सरळ तिकडेच गेला." आम्हा सगळ्यांना तो शेवटचा पुरावा वाटला. दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती, हे कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाव पुसायचं काम माझ्याकडे आलं. ती लाकडी घोडीवर उलटी ठेवली होती. पुसता पुसता मी माझ्या जागेखाली बोटाचं पेर वाजवलं. का ते सांगता येत नाही, पाहिलेलं हाताला आठवलं असेल. जवळपास ठक् असा कोरडा आवाज येत होता, आणि मध्येच तीन ठिकाणी तो बसका झाला. मी पाचव्या जागेखाली गेलो. तिथे दोन. मी रोगणाचा डबा आणला आणि त्या जागा दोनदा सारवल्या. कुणाला काही सांगितलं नाही. नाव मऊ असली म्हणून वेळ बाहेर गेली नाही असं थोडंच होतं, अशी मी मनाची समजूत घातली. त्याच्याविरुद्धचं एक कमी झालं होतं, पण बाकीचं होतंच.

शनिवारी वेळ लावली. एकवीस चव्वेचाळीस. लॅम्सनने पाच बोटं दाखवली ती या वेळी मला, कारण ढकलगाडीही आता माझ्याकडे होती.

बर्डिकची खाणावळ भरलेली होती. मी जग फळीवर ठेवले.

"आज तुम्ही?" बर्डिक म्हणाला. "आमचा म्हातारा कुठाय?"

"गेला."

"मेला?"

"नाही. काढला."

"असं होय." त्याने जग पाहिले. "किती भरू?"

"पाच."

तो वळून आत म्हणाला, "पाच." नेहमीच्या आवाजात, जसं कुणी पाऊस आला म्हणतं. खिडकीपाशी पेंढ्याची टोपी घातलेला एक माणूस चीज-पाव खात होता. त्याने बोटं पुसली, वही काढली आणि पुटपुटला, "पावणेबावीसच्या आत."

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. उत्तर बर्डिकने दिलं. "अहो, नऊ वर्षं तुमच्या पोरांना बिअर देतोय. तुमच्या आधीचे कॅप्टन इथेच बसून तो रिवाज सांगायचे. गावात सगळ्यांना पाठ आहे. मागच्या वेळी सात गेले तेव्हा तर लोक बघायला रस्त्यावर आले होते. सात कधी गेलेच नव्हते."

"आणि सिल्व्हिनो? तो काय सांगायचा?"

"तो काय सांगणार? आला की गुड ईव्हनिंग म्हणायचा आणि बोटं दाखवायचा. डाव्या हाताला तीनच ना, त्यामुळे पहिल्या वर्षी आमचेच आकडे चुकायचे. त्याला त्या वेळांचं काही ठाऊक असेल असं मला नाही वाटत. तुम्ही ठेवून घ्या हो त्याला. जग धुऊन आणायचा."

मी गाडी ढकलत परत निघालो. चढावर दोन जग हिंदकळून माझ्या बुटांवर सांडले. आकडा आम्हीच बाहेर पाठवत होतो. दारं लावून, खिडक्या लावून, शपथा घेऊन, मग एक खिडकी उघडून. आणि ज्याच्या हातात तो द्यायचो त्यालाच आम्ही हाकललं होतं.

मी आधी लॅम्सनला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "शर्यतीनंतर बघू, बीब. आत्ता सगळ्यांची डोकी फिरवायला नकोत."

"नवा माणूस सोमवारी येतोय."

"शर्यतीनंतर."

मला चारचौघांत बोलता येत नाही. आजही येत नाही. पण जेवताना मी उभा राहिलो, आणि उभा राहिल्यावर खाली बसणं जास्त अवघड वाटलं, म्हणून बोललो. बर्डिकचं सांगितलं. नावेचं सांगितलं. कागद मी चोरला होता हेही सांगितलं. फार वाईट बोललो. मध्येच पुन्हा बर्डिकच्याच गोष्टीकडे वळलो.

"बस कर, बीब," लॅम्सन म्हणाला.

"कॅप," व्हीलॉक म्हणाला. त्याचा थट्टेचा सूर नव्हता, आणि तो तसा मी पहिल्यांदाच ऐकला. "सात बोटं तू दाखवलीस. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. एकवीस पंधरा छापून आलं ते बोटांमुळे. म्हाताऱ्याने तोंड उघडलं असो वा नसो, ते छापून येणारच होतं."

मग लॅम्सनने हातरुमाल ठेवला, टोपी घेतली आणि तो स्टेशनवर तार करायला गेला. एवढं मात्र त्याच्याबद्दल सांगायला हवं की तो चालत गेला आणि नक्कल मागून घेऊन आला.

रविवारी मिसेनंतर लॅम्सन आणि मी पलीकडे गेलो. सिल्व्हिनो बेलार्मिनोच्या अंगणात खाटेची दोरी ताणत होता. लॅम्सनने सगळं सांगितलं आणि माफी मागितली. सिल्व्हिनोने दोरीला आणखी एक ताण दिला.

"सेक्रेटरीसाहेबांना?" त्याने विचारलं.

"तार केलीय. तू राहतोस. खोल्याही तुझ्याच."

"दाखवा."

लॅम्सनने नक्कल दिली. सिल्व्हिनोला वाचता येत नव्हतं. त्याने ती बेलार्मिनोला दिली. टिल्सनच्या राखणदाराने आमची तार मोठ्याने वाचली. सिल्व्हिनोने त्याला ती पुन्हा वाचायला लावली. मग 'खोल्या' हा शब्द कुठे आहे ते विचारून त्याच्यावर बोट ठेवलं.

"आज रविवार," तो म्हणाला. "उद्या येतो."

"सिल्व्हिनो," मी विचारलं, "तू मला भालेवाले का म्हणतोस?"

त्याने दोरीची गाठ आवळली. "शिकारीच्या होडीत पुढचं वल्हं त्याचंच असतं. देवमासा जवळ आला की तोच उठतो. होडीतला सगळ्यात भरवशाचा माणूस." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सवयीने म्हणायचो."

तो आला. शर्यत आम्ही दोन नावांच्या लांबीने हरलो. आमची वेळ टिल्सनला कळली होती म्हणून नव्हे, ते चांगले होते म्हणून. नाव शेवटपर्यंत टिकली.

देल्फिना ऑक्टोबरमध्ये आली. बुटकी, काळ्या शालीतली, सरळ नजरेची बाई. सिल्व्हिनोने तिला सगळं सांगितलं होतं, त्याच्या कोटातून मी काढलेल्या कागदासकट. पहिल्या आठवड्यात मी टोपलीभर पेअर घेऊन माडीवर गेलो, तर तिने दार वीतभर उघडलं, टोपली घेतली, आतली फळं वर-खाली करून पाहिली आणि दार लावलं. आतून सिल्व्हिनोचा आवाज आला, मग तिचा, बराच वेळ. दार उघडलं नाही. पुढे वीस वर्षं दर हिवाळ्यात मी जात राहिलो. सिल्व्हिनो जिन्यात येऊन माझ्याशी नावांबद्दल बोलायचा, मोकळेपणाने बोलायचा, हसायचाही. पण देल्फिना घरात असली की आम्ही जिन्यातच बोलत असू, आणि तिने त्याचा कोट नेहमी आतल्या खोलीत टांगलेला असे.

तो गेला त्या वर्षी मी तिला भेटायला गेलो. तिने मला पहिल्यांदा स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी दिली. पलंग दाराच्या फटीतून दिसत होता, भिंतीला लागून नीट बसलेला. मी म्हटलं, तो फार भला माणूस होता. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला." मी कॉफी संपवेपर्यंत ती चुलीपाशी उभी राहून माझ्या हातांकडे पाहत होती. मी ते दोन्ही टेबलावर ठेवले, तिला दिसतील असे.